हायड्रॅझोन: बनवायला सोपा, टिकवायला अवघड

कार्बन-नायट्रोजनचा दुहेरी बंध आणि त्याला चिकटून आणखी एक नायट्रोजन, एवढाच हायड्रॅझोनचा गाभा. नायट्रोफुरँटॉइन, डँट्रोलीन, लेव्होसिमेंडन या औषधांमध्ये तो आहे. पण आम्ल आणि पाणी मिळालं की तो सुटू शकतो, आणि बहुतेक चुका इथेच होतात.

बनवणं खरंच सोपं आहे. क्षयरोगावरच्या फ्थिवाझाइडचं उदाहरण घ्या. 1.37 ग्रॅम आयसोनियाझिड (हे हायड्रॅझाइड) 20 मिली गरम इथेनॉलमध्ये विरघळवा, 1.52 ग्रॅम व्हॅनिलिन (हे अल्डिहाइड) आणि ग्लेशियल असेटिक आम्लाचे दोन-तीन थेंब घालून रिफ्लक्सवर, म्हणजे वाफ थंड होऊन परत येईल अशा उकळीवर, ठेवा. किती वेळ, ते टीएलसी (पातळ थरावरची क्रोमॅटोग्राफी) सांगेल. थंड झाल्यावर पिवळसर घन पदार्थ गाळून गार इथेनॉलने धुवा, म्हणजे उरलेलं व्हॅनिलिन निघून जातं. आम्ल सढळ हाताने ओतू नका: हायड्रॅझाइडच्या नायट्रोजनवर प्रोटॉन बसला की तो अल्डिहाइडवर हल्लाच करत नाही.

एनएमआरमध्ये (रेणूची रचना दाखवणारी चुंबकीय चाचणी) शिखरं जोडीने दिसली की पदार्थ अशुद्ध म्हणून पुन्हा स्फटिकीकरणाला टाकू नका. आधी डीएमएसओ या द्रावकात 80 अंशांना मोजून पाहा. जोड्या एकत्र आल्या तर ते अमाइडचे रोटामर, म्हणजे बंधाभोवती फिरल्याने होणारी एकाच रेणूची रूपं. नाही आल्या, तर ई-झेड समघटक (दुहेरी बंधाभोवतीच्या दोन वेगळ्या मांडण्या) किंवा अशुद्धी यांचा शोध घ्या.

बंध सुटण्याचा फायदाही घेता येतो. 2000 साली अमेरिकेत मंजूर झालेल्या, 2010 मध्ये मागे घेतलेल्या आणि 2017 मध्ये परतलेल्या जेमटुझुमॅब ओझोगॅमायसिन या कर्करोगावरच्या औषधात प्रतिपिंडाला विषारी रेणू हायड्रॅझोननेच जोडलेला आहे. रक्ताच्या 7.4 पीएचला तो बराच टिकतो, लायसोसोमच्या 5 च्या आसपास सुटतो. क्षयरोगावरच्याच रिफॅम्पिसिनमध्ये मात्र हाच गुण नडतो. जठरातल्या आम्लात त्याचं 3-फॉर्मिल रिफामायसिन होतं, आणि सोबत आयसोनियाझिड असेल तर दोघांचा नवा हायड्रॅझोन तयार होतो. परिणामी शोषलं जाणारं रिफॅम्पिसिन घटतं. म्हणूनच एका गोळीत दोन्ही भरताना त्यांना वेगळं ठेवण्याची इतकी धडपड.

तेव्हा जैविक चाचणीआधी संयुग 37 अंशांना, पीएच 2, 5 आणि 7.4 ला ठेवा; 0, 1, 4 आणि 24 तासांनी एचपीएलसी (घटक वेगळे करून मोजणारी क्रोमॅटोग्राफी) घ्या. चाचणीत मूळ अल्डिहाइड आणि हायड्रॅझाइडही स्वतंत्रपणे लावा. आयसोनियाझिडपासूनचं संयुग असेल तर आयसोनियाझिडला सक्रिय करणारं कॅट-जी जनुक बिघडलेला, आयसोनियाझिडला न जुमानणारा जिवाणूही घ्या. तिथे संयुग निष्प्रभ ठरलं, तर बहुधा आधी दिसलेला गुण सुटलेल्या आयसोनियाझिडचाच होता.