फासकी काढणाऱ्यांच्या मागे

रविवार, रात्र. बुकित लावांग, सुमात्रा बेट, इंडोनेशिया

सॅक भरून झाली. खिडकीखालून बोहोरोक नदी वाहते आहे, तिचा आवाज एवढा की समोरच्याशी बोलायचं तर जवळ सरकावं लागतं. नोव्हेंबर २००३ मध्ये याच नदीला रात्री पूर आला आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. गावातले लोक त्याचा संबंध वरच्या डोंगरातल्या बेकायदा लाकूडतोडीशी लावतात. जंगल राखायचं म्हणजे काय, हे इथल्या लोकांना बाहेरून कुणी येऊन शिकवायची गरज नाही.

इथे का आले ते आजच लिहून ठेवते, उद्यापासून हातात पेन धरण्याइतकी ताकद उरेल की नाही सांगता येत नाही. उत्तर सुमात्रा आणि आचे प्रांतात पसरलेलं लेउसरचं जंगल साधारण २६ लाख हेक्टरांचं आहे. ओरांगउटान, वाघ, हत्ती आणि गेंडा हे चौघे एकाच रानात अजून टिकून आहेत असं जगातलं हे एकमेव ठिकाण. त्यातला सुमात्रन गेंडा तर सगळ्या जगात मिळून ५० सुद्धा उरलेला नाही. २००४ मध्ये युनेस्कोने सुमात्राच्या या पर्जन्यवनांना जागतिक वारसा म्हटलं आणि २०११ मध्ये धोक्यात आलेल्या वारशांच्या यादीत टाकलं.

या जंगलासाठी निधी गोळा करणाऱ्या एका ट्रेकवर मी आले आहे. ट्रेकचा करार सरळ आहे. प्रत्येकाने ठरलेला निधी गोळा करायचा. तो सगळा जंगलातल्या गस्तीला आणि झाडं लावण्याला जातो. विमानाचं तिकीट, राहणं, जेवण, गाईडची मजुरी हे ज्याचं त्याने भरायचं. अशा बऱ्याच ट्रेकमध्ये देणगीतूनच प्रवासाचा खर्च निघतो, ते मला पटत नाही. लोकांनी वाघासाठी दिलेल्या पैशावर मी विमानात बसायचं, हे योग्य नाही. म्हणून हाच ट्रेक निवडला.

तरीही मावशीचा प्रश्न मनातून जात नाही. तिने चेक लिहिला, माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "अगं, पण यासाठी तू चालायची काय गरज? पैसे पाठव की सरळ." तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सोमवार

पाय थरथरताहेत. रबराच्या मळ्यातून वाट संपली आणि लगेच चढ लागला तो दुपारपर्यंत सुटला नाही. हा चढ मुळांचा आहे. मुळांवर हात, मुळांवर पाय, आणि मधल्या मातीवर विश्वास ठेवायचा नाही. आधारासाठी दिसेल ते खोड धरायचं नाही हे दादांनी आधीच बजावलं होतं. (आमच्या गाईडला पहिल्या तासातच सगळे दादा म्हणायला लागले.) वेताच्या वेलीला उलटे, आकड्यासारखे काटे असतात. बाही अडकली की माणूस पुढे ओढतो आणि काटे आणखी रुततात. एक पाऊल मागे यायचं, मग ते आपोआप सुटतात. दिवसभरात हे इतक्यांदा करावं लागलं की संध्याकाळी सपाट जागेवरही बाही कशाला लागली की मी मागे सरकत होते.

जळवांचं सगळ्यांनी फार भय घातलं होतं. त्या पानाच्या कडेवर उभ्या राहून हवेत डोलतात, उबेचा वास लागल्यासारख्या आपल्या दिशेने वळतात. चावल्याचं कळत नाही. लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, त्यामुळे जळू सुटली तरी मोजा भिजत राहतो. नखाने तिची कड हळूच सोडवायची, झालं. चालून चालून शरीर एवढं दमतं की या चिमुकल्या जखमांचं काहीच वाटत नाही, हे मला इथे कळलं. खरी परीक्षा दमटपणाची. घाम येतो आणि तो कुठे जात नाही. प्यायलेलं पाणी अंगावरच राहतं.

चढ संपता संपता दादांनी वर बोट दाखवलं. खूप उंचावर, दोन फांद्यांच्या बेचक्यात, वाकवून मोडलेल्या डहाळ्यांचं एक घरटं. पानं अजून हिरवी होती, म्हणजे ताजं, एक-दोन दिवसांतलं. ओरांगउटान जवळपास रोज रात्री नवं घरटं बांधतो. इतक्या दाट रानात प्राणी मोजणं शक्य नसतं, म्हणून संशोधक त्याची घरटी मोजतात आणि त्यावरून संख्या काढतात. सुमात्रन ओरांगउटान सुमारे १४,००० आहेत असं जे म्हणतात, त्यामागे कुणीतरी मान वर करून असंच चाललेलं असतं. एवढ्या चढावर, मान वर करून.

मंगळवार

आज ती दिसली.

उंबराच्या कुळातलं एक अजस्र झाड होतं, फळांनी लदलेलं. आधी फळं पडण्याचा टपटप आवाज, मग फांदी हलली. आम्ही मास्क वर चढवले आणि दहा मीटरांच्या अंतराचा नियम पाळून खाली बसलो. माणसाची सर्दी त्यांच्या जिवावर बेतू शकते, आपण त्यांना इतके जवळचे आहोत. मादी होती, आणि पोटाशी नव्हे, तर तिच्यापासून हातभर लांब बसलेलं पोर. तीन-चार वर्षांचं असेल असं दादा म्हणाले. ते फळ तोंडात घालायच्या आधी आईच्या तोंडाशी तोंड नेऊन ती काय खाते ते बघत होतं. अगदी जवळून, डोळे मोठे करून.

मग तिला पलीकडच्या झाडावर जायचं होतं. मधलं अंतर पोराला झेपणारं नव्हतं. तिने एका हाताने आणि एका पायाने हे झाड धरून ठेवलं, दुसऱ्या हाताने पलीकडची फांदी ओढली आणि तशीच ताणलेली थांबली. पोर तिच्या अंगावरून चालत पलीकडे गेलं. तिने घाई केली नाही. ते मध्येच थांबून तिचे केस ओढत होतं, तरी ती तशीच थांबली. मला रडू आलं.

सुमात्रन ओरांगउटानच्या दोन बाळंतपणांत आठ-नऊ वर्षांचं अंतर असतं. जमिनीवरच्या कुठल्याही सस्तन प्राण्यात एवढं मोठं अंतर नाही. पोर सात-आठ वर्षं आईबरोबर राहतं, कारण कुठलं झाड कधी फळतं, कुठली साल सोलून खायची, घरटं कसं विणायचं, हे सगळं तिच्याकडून शिकावं लागतं. एक मादी आयुष्यात चार-पाच पिल्लांपलीकडे जात नाही. आणि पिल्लू विकण्यासाठी पकडायचं तर आधी आईला मारावं लागतं, ती जिवंतपणी ते सोडत नाही. एक मादी गेली की रानातून नेमकं किती जातं, हे आज बघितल्यावर मला आकडे नकोत.

उतारावर मात्र मन विटलं. दुसरा एक गट केळी हातात धरून एका ओरांगउटानला खाली बोलावत होता. १९७३ मध्ये दोन स्विस प्राणिशास्त्रज्ञ स्त्रियांनी बुकित लावांगला केंद्र काढलं, ते लोकांनी घरात पाळलेली ओरांगउटान सोडवून रानात परत पाठवण्यासाठी. काम फार मोलाचं होतं. पण त्या पिढीतल्या काहींना माणसाची भीती उरली नाही, आणि फोटोसाठी केळं दाखवणारे पर्यटक ती अजून घालवताहेत. माणसाजवळ उतरणारा ओरांगउटान आजारी पडतो, चावतो, आणि शेवटी मळ्यात उतरतो तेव्हा त्याला कुणी केळं देत नाही. दादा त्या गटाच्या गाईडशी शांतपणे, पण बराच वेळ बोलले. पैसे भरून आलेला पाहुणा हट्ट करतो तेव्हा नाही म्हणणं सोपं नसतं, असं ते नंतर म्हणाले. मला वाटतं ते नाही आधी पाहुण्यानेच स्वतःला म्हणावं.

संध्याकाळी त्यांनी एका वेलीची साल खरवडून दाखवली, आत पिवळीधमक. इथे तिला अकार कुनिंग म्हणतात, ताप-दुखण्यावर वापरतात. लेउसरच्याच पश्चिमेकडे, सुआक बालिंबिंगला, जून २०२२ मध्ये राकुस नावाच्या नराला गालावर जखम झाली होती. त्याने या वेलीची पानं चघळून रस जखमेवर लावला आणि मग चघळलेला चोथा लिंपला. काही दिवसांत जखम भरून आली. हा अभ्यास २०२४ मध्ये छापून आला तेव्हा वाचला होता. आज ती साल हातात घेतली, चाखली, कडूजहर आहे.

बुधवार

पाऊस. दिवसभर पाऊस. नदी चढली म्हणून पलीकडे जाता आलं नाही, ताडपत्रीखाली बसून भात आणि गरम चहा. पहाटे गिबन (झाडांवर राहणारी, लांब हातांची वानरं) गायले ते पाऊस सुरू व्हायच्या आधी.

गुरुवार

आज राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीजवळ गस्तीची माणसं भेटली आणि दुपारपर्यंत आम्ही त्यांच्या मागून चाललो. मी पुढची बरीच वर्षं या दिवसाबद्दल बोलत राहीन.

त्यांच्यातले बरेचजण आसपासच्याच गावातले. पाठीवर भाताचा डबा, ताडपत्री, कोयता आणि जीपीएस. आम्ही जी चढण दर वळणावर थांबत चढत होतो, तिथे ते बोलत बोलत निघून जात. मोहीम असली की दिवसचे दिवस रानात मुक्काम, परत यायचं, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा निघायचं.

पुढे चालणारा थबकला. मला काहीच दिसलं नाही. जनावरांच्या पायवाटेवर ओला पालापाचोळा, एवढंच. त्याने काठीने पाचोळा बाजूला केला तेव्हा खाली वीतभर खड्डा, त्यावर आडव्या काड्या, काड्यांवर तारेचा फास. मोटारसायकलच्या ब्रेकची केबल होती. तिचं दुसरं टोक एका वाकवलेल्या रोपट्याला बांधलेलं. काठीने दाबल्याबरोबर रोपटं सणकन सरळ झालं आणि फास हवेत आवळला. मी दचकून मागे झाले. पायाऐवजी काठी होती म्हणून काठीवर वळ उठला.

अशी फासकी सांबर आणि रानडुकरासाठी लावतात, पण तारेला कुणाचा पाय आहे हे कळत नाही. वाघ अडकला की तो जोर लावतो, तार आत जाते. सुटला तरी लंगडा वाघ शिकार करू शकत नाही, मग गुरांकडे वळतो आणि गाव विरोधात जातं. काही वाघ तर मुद्दाम लावलेल्या फासातच मरतात, कातडी आणि हाडांना गिऱ्हाईक आहे. आणि सुमात्रन वाघ उरलेत ते काहीशेच.

तार गुंडाळून पिशवीत टाकली, जागेची नोंद केली, फोटो काढला, पुढे निघाले. सगळं पाच मिनिटांत. मी विचारलं, ज्याने लावलं तो पुन्हा लावेल का? लावेल, ते म्हणाले. पाहणी थांबली की महिन्याभरात पुन्हा. म्हणून पुन्हा यायचं. त्यांच्या बोलण्यात ना चीड होती ना कंटाळा. ज्याने लावलं तो कदाचित ओळखीचाच असेल, त्याच्या घरची अडचणही त्यांना ठाऊक असेल, असंही त्यातल्या एकाने सांगितलं. त्याच्याच गावातल्या दोघांना आता गस्तीवर पगार मिळतो.

शुक्रवार

जंगलातून बाहेर, जीपने पूर्वेच्या काठावर, बेसितांगच्या बाजूला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तेलताड, तासन्तास. ओळीत लावलेली एकाच उंचीची झाडं, खाली काही नाही. आठवडाभर पायाखाली कधी रिकामी जागा पाहिली नव्हती, त्यामुळे ते बघवेना. पामतेलात इंडोनेशिया जगात पहिला आणि आयात करण्यात भारत पहिला. म्हणजे या ओळी थेट आपल्या तळणात, बिस्किटात, साबणात येतात. तेल टाकून द्या म्हणणंही खरं नाही, कारण दर हेक्टरी तेलताडाएवढं तेल दुसरं कुठलंच पीक देत नाही, त्याऐवजी दुसरं घ्यायचं तर आणखी जमीन लागेल. पण उद्यानाच्या आत घुसून लावलेले मळे, ते मात्र निव्वळ चोरीच.

त्या चोरलेल्या जमिनीवरचे ताड तोडून तिथे परत रान उभं करण्याचं काम या भागात बरीच वर्षं चालू आहे, आणि आमच्या निधीचा एक वाटा त्यात जातो. रोपवाटिकेत काळ्या पिशव्यांच्या रांगा. रोपं रानातल्या बियांची, कारण बाहेरून आणलेलं झाड इथल्या धनेशाला आणि हत्तीला उपयोगाचं नाही. तिथल्या ताईंनी मला लावायची रीत दाखवली. पिशवी खालून फाडायची, मातीचा गोळा फुटू द्यायचा नाही, मुळं वळली असतील तर सरळ करायची, आणि लावल्यावर पहिली दोन-तीन वर्षं भोवतीचं गवत काढत राहायचं. उंच गवत रोपाला गिळतं. लावण्याचा फोटो सगळे काढतात, गवत काढायला पैसे मागितले की कुणी देत नाही, असं त्या म्हणाल्या.

दहा वर्षांपूर्वी लावलेल्या भागात शिरलो तर वर सावली होती आणि पालापाचोळ्यात पाय रुतत होते. एका खोडावर जळूही होती, तिला बघून मला आनंद झाला.

मावशीला आज संध्याकाळी फोन केला. तिला सांगितलं, की तुझं म्हणणं बरोबर आहे, मी चालले म्हणून जंगलाचं काही भलं झालं नाही. पण मी चालले नसते तर तू चेक लिहिला नसतास आणि मी तो फास बघितला नसता. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या माणसांना पगार वेळेवर मिळतो का?" मी म्हटलं, निधी येतो तोवर मिळतो. ती म्हणाली, "मग एकदाच देऊन काय उपयोग?"

निधी सांभाळणाऱ्यांशी रात्री बोलले. दरमहा ठराविक रक्कम थेट गस्तीच्या आणि गवत काढण्याच्या खात्यात देता येते, आणि त्यांना हीच मदत सगळ्यात हवी असते, कारण पुढच्या महिन्याची मोहीम आधी ठरवता येते. माझं नाव नोंदवलं, मावशीचंही. ज्यांनी ज्यांनी या ट्रेकला देणगी दिली त्या प्रत्येकाला मी घरी गेल्यावर हेच विचारणार आहे, आणि सोबत त्या तारेचा फोटो पाठवणार आहे.