पाच पायांचा रिले

परभणीत मे महिन्याच्या दुपारी कोणी पंखा बंद करून बसलेला दिसला, तर एक तर वीज गेलेली असते किंवा तो माणूस झाळकाम करीत असतो. पंचवीस वॉटच्या सोल्डरिंग आयर्नच्या टोकावरची उष्णता पंख्याचा वारा पळवून नेतो, त्यामुळे घाम पुसत बसणे हे या छंदाचे आमच्याकडचे शुल्कच समजावे. त्या दुपारी माझ्यासमोर गावाकडून आलेला मोटारीच्या ऑटोस्विचचा बोर्ड होता. शेतीची वीज रात्री-बेरात्री येते, आणि ती आली की मोटार आपोआप सुरू करण्याचे काम हा ऑटो करतो. पण दादाच्या ऑटोमधल्या रिलेचे, म्हणजे विजेनेच चालू-बंद होणाऱ्या स्विचचे, संपर्क जळून काळे पडले होते, म्हणून रिले बदलायचा होता. वस्तू साखरेच्या ठोकळ्याएवढी, निळी, पाच पायांची. दोन पाय कॉइलचे, तीन संपर्काचे.

नवा रिले बसवायला पाच मिनिटे पुरतात. जुना काढताना मात्र माणसाचा कस लागतो, कारण बोर्डाला कथिलाने झाळलेले पाचही पाय एकाच वेळी मोकळे व्हावे लागतात. बाज उचलायला चार माणसे चार कोपऱ्यांना असावीत, तसे आहे हे. आपण एका पायापाशी कथील वितळवून दुसऱ्याकडे वळेपर्यंत पहिल्याचे गोठलेले असते. कथील आणि शिशे यांच्या ६३/३७ प्रमाणाच्या तारेला वितळायला १८३ अंश सेल्सिअस पुरतात. शिशेविरहित मिश्रणाला साधारण २१७ अंश लागतात. ज्या बोर्डावर हे दुसरे मिश्रण असते, तिथे माझे पंचवीस वॉटचे आयर्न दमलेल्या बैलासारखे उभे राहते.

पहिला सकर मी १२० रुपयांना घेतला होता. डिसोल्डरिंग पंप हे त्याचे पूर्ण नाव, पण दुकानात त्या नावाने मागितले तर पोऱ्या दोन क्षण आपल्याकडे पाहत राहतो. दट्ट्या दाबून स्प्रिंग अडकवायची, कथील वितळताच टोक त्याला टेकवायचे आणि बटण दाबायचे. दट्ट्या सुटतो, आत पोकळी होते आणि वितळलेले कथील ओढले जाते. आयर्न काढणे आणि सकर लावणे यांत एखादा सेकंद गेला तरी कथील गोठते. चांगल्या सकरचे टोक टेफ्लॉनचे असते, ते गरम कथिलाला दाद देत नाही. माझ्या १२० रुपयांच्या सकरचे टोक तिसऱ्याच दिवशी उमलत्या कळीसारखे फाकले. त्याहून वाईट होता त्याचा झटका. दट्ट्या सुटताना हात असा उडाला, की टोकाने एका पायाभोवतीचे तांब्याचे पॅडच उचकटून टाकले. बोर्डावरचा तांब्याचा थर बहुधा ३५ मायक्रॉन जाडीचा असतो आणि त्याखालचा चिकटा उष्णतेने ढिला होतो, त्यामुळे आधी भाजून मग हिसका देणे हा पॅड उखडण्याचा हमखास मार्ग आहे. जुन्या रेझिस्टरच्या पायाचा तुकडा तिथे पूल म्हणून जोडावा लागला. हा अपराध सकरचा नव्हता, माझ्या घाईचा होता. पण १२० रुपयांत भागवल्याचा आनंद तेवढ्यात संपला.

मग विककडे वळलो. विक म्हणजे वात, आणि ही गोष्ट खरोखर वातच आहे. समईची वात तेल वर ओढते, तशी तांब्याच्या बारीक तारांची ही चपटी वेणी वितळलेले कथील ओढून घेते. मात्र तारांना राळ लागलेली हवी. कल्हईवाला कथील फिरवण्याआधी भांड्यावर नवसागर टाकतो, त्यामागचे कारण तेच. धातूवरचा मळ गेल्याशिवाय कथील चढत नाही. म्हणून हवेत पडून काळपट झालेली विक नुसतीच तापते, कथिलाला शिवत नाही. तिला नवी राळ लावली की पुन्हा कामाला येते. पैसे वाचवावेत म्हणून मी डिशच्या जुन्या केबलमधली जाळी काढून तिला राळ चोपडून पाहिली. कथील तिला चिकटेना, कारण ती जाळी ॲल्युमिनियमची निघाली. साध्या वायरमधल्या तांब्याच्या तारांची वेणी मात्र चालली, हे तिच्या श्रेयासाठी नोंदवतो.

इंजेक्शनची सुई ही स्वस्तातली आणखी एक युक्ती. सुई स्टेनलेस स्टीलची असल्यामुळे कथील तिला चिकटत नाही; तिचे टोक कापून घासून सपाट करायचे, पायावर बसवायची, बाजूने कथील वितळवायचे आणि ते गोठेपर्यंत ती फिरवत राहायची, की पाय पॅडपासून सुटा होतो. २० गेजच्या सुईचे आतले छिद्र सुमारे ०.६ मिलिमीटर असते, ते आयसीच्या, म्हणजे चिपच्या, पायाला बरोबर बसते. रिलेचे पाय जाड, ते त्यात मावत नाहीत. जनावरांच्या औषधाच्या दुकानात जाड सुई मागितली तेव्हा दुकानदाराने शांतपणे विचारले, “म्हैस हाय का बैल?”

शेवटी त्या तोफेचा मोह आलाच. गरम पोकळ टोक आणि विजेवर चालणारा पंप असलेली डिसोल्डरिंग गन एका हाताने वितळवते आणि ओढते, आणि रोज दहा बोर्ड दुरुस्त करणाऱ्याला ती हवीच. इलेक्ट्रॉनिक्सचा दुकानदार म्हणाला, “सर, महिन्याला बोर्ड किती काढताव?” मी म्हणालो, दोन. त्याने गन पुन्हा खोक्यात ठेवली. माल न विकता मला वाचवणारा असा दुकानदार विरळाच.

त्याच्याकडून अॅल्युमिनियमच्या नळीचा, टेफ्लॉनच्या टोकाचा सकर घेतला, दोन मिलिमीटर रुंदीची विक घेतली आणि राळेची एक डबी. सगळे मिळून साडेपाचशे रुपये झाले. घरी येऊन आधी प्रत्येक पायावर थोडे नवे, शिशाचे कथील चढवले. काढायच्या जागी आणखी घालायचे, हे ऐकून दादा फोनवर हसला. पण नव्या कथिलाबरोबर नवी राळ येते, मिश्रण लवकर वितळते आणि सकरला ओढायला भरपूर मिळते. आता सकरचे टोक पॅडवर टेकवले, दाबले नाही, आणि दुसऱ्या हाताने आयर्न त्याच पायाला तसेच धरून ठेवून बटण दाबले. चार पाय एका ओढीत सुटले. पाचवा मात्र रुंद तांब्याच्या पट्ट्याला जोडलेला. सगळी उष्णता तोच पट्टा पिऊन टाकत होता. तिथे आयर्न तीन श्वास जास्त धरले, उरलेल्यावर विक ठेवली आणि मग रिले चिमट्याने हलकेच हलवला. तो सुटला, कुठलेही पॅड न घेता.

सकर उघडून आतला कथिलाचा भुगा कागदावर झाडला आणि हात साबणाने दोनदा धुतले, कारण त्यात शिशे असते आणि पोह्यांची ताटली टेबलाच्या कडेला केव्हाची वाट पाहत होती. आठवड्याने दादाने शेजाऱ्याचाही ऑटो पाठवला आहे. त्याच्यावर रिले दोन आहेत.