खाडा

सोलापूरच्या आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं. त्यावर आईच्या लाल पेनाच्या फुल्या. अक्का ज्या दिवशी धुण्याभांड्याला आली नाही, तो दिवस. महिन्याला दोन खाडे माफ, पुढचे कापायचे. यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलंच नाही.

इथे जर्मनीत, श्टुटगार्टला मुलगा झाल्यावर आम्ही मदतीला बाई ठेवली. शुक्रवारी तीन तास. पहिल्याच दिवशी कोट काढता काढता तिने विचारलं, ‘नोंदणी करणार ना?’ घरकामाच्या अशा छोट्या नोकरीला इथे मिनीजॉब म्हणतात. २०२५ मध्ये महिन्याला ५५६ युरोपर्यंतची कमाई त्यात बसायची आणि ताशी किमान वेतन १२.८२ युरो होतं. साधा एक फॉर्म भरला की तिचा अपघात विमा सुरू. शिवाय खर्चाच्या २० टक्के, वर्षाला ५१० युरोपर्यंत, आपल्याच आयकरातून वजा होतात. (माझा नवरा या वाक्यानंतर कायद्याचा मोठा पुरस्कर्ता झाला.)

मग तिची पाठ धरली. दोन शुक्रवार आली नाही. मी मनातल्या मनात दोन फुल्या मारून मोकळी! चौकशी केली तर कळलं, आजारपणात सहा आठवड्यांपर्यंत पगार द्यावाच लागतो आणि अर्ज केला तर त्यातला ८० टक्के आम्हाला परत मिळतो. वर्षाला चार आठवडे पगारी रजाही. कानकोंडी झाले मी.

इथेही सगळं आलबेल नाही. कितीतरी घरांत बिननोंदणीचंच काम चालतं. म्हाताऱ्यांच्या घरी राहून रात्रंदिवस त्यांचं करणाऱ्या एका बल्गेरियन बाईला थेट सर्वात वरच्या कामगार न्यायालयापर्यंत जावं लागलं. हाकेला हजर राहण्याच्या तासांनाही किमान वेतन लागू, हा निकाल २०२१ चा.

तरी माझं डोकं अडकलं ते अक्कापाशी. अक्का सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या विडी घरकुलातली, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतली. सकाळी चार घरची भांडी, दुपारी मांडीवर सूप घेऊन विड्या. विडी कामगारांसाठी १९६६ सालीच कायदा झाला, घरी बसून वळणाऱ्या बायकांनाही तो लागू होता. तिचं विडी कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, तांदळाच्या डब्यात असतं. पोरीच्या लग्नाला तिने फंडातूनच पैसे काढले. हात तेच, पण दुपारच्या कामाला कार्ड, फंड. सकाळच्या कामाला आमच्याकडच्या २२ वर्षांत एक चिठोरं नाही. लेखी होतं ते एवढंच, न आलेल्या दिवसांच्या फुल्या.

महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे. पण तो कल्याणाचा. पगार किती, रजा किती, हे अजून ज्या त्या घरच्या मर्जीवर. घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २०११ मध्ये झाला, तेव्हा भारताने बाजूने मत दिलं, मंजुरी मात्र दिलेली नाही. जर्मनीने ती २०१३ मध्ये दिली.

परवा आईला फोनवर म्हटलं, अक्काची मंडळात नोंदणी करून टाक, साठी उलटायच्या आत. आमच्याकडे कामाला आहे असं तूच लिहून दे.

‘कधीपासून लिहू गं?’

‘जुनी कालनिर्णयं बघ.’

मागून अक्काचा आवाज आला, ‘कुठली वैनी? दरसाली मीच की रद्दीत घालून येते!’