नास (घरच्या नेटवर्कवरचा डिस्क-बॉक्स) अपडेट: तिसऱ्या बेची (खाचेतली) डिस्क फिरली!

फिरली एकदाची! आणि पीसीबी (डिस्कच्या पाठीवरचा सर्किट बोर्ड) न बदलता, त्यामुळे डोनर बोर्ड (तशाच दुसऱ्या डिस्कचा पीसीबी) शोध म्हणून मागे लागलेल्यांनी आता जरा दम घ्या.

मागचं माहितीच आहे, खांबावर न्यूट्रल तुटला, 230 च्या जागी घरात 400 च्या आसपास घुसलं, आणि जुन्या बॉक्सचा अडॅप्टर जाताजाता 12 व्होल्टच्या लाइनवर काय ओकून गेला देव जाणे. नवीन बॉक्स मुद्दाम त्याच कंपनीचा घेतला, म्हणजे चारही डिस्क त्याच क्रमाने सरकवायच्या, मायग्रेट (जुना सेटअप डेटासकट नव्या बॉक्सवर) म्हणायचं आणि चहा घ्यायचा. कसला चहा! डिस्क घातल्या की बॉक्स चालूच होईना, एलईडी एकदा लुकलुकायचा आणि ठप्प. रिकामा मात्र झकास चालायचा. एकेक डिस्क घालून बघितलं तर खोडी तिसरीची, ती आत असली की बाकीच्यांनाही उठू देत नव्हती.

मग मल्टिमीटर काढला. पॉवर कनेक्टरच्या 12 व्होल्टच्या पिना आणि ग्राउंड, सरळ बीप, म्हणजे शॉर्ट. तिथेच पेटली ट्यूब, टीव्हीएस डायोड! व्होल्टेज वाढलं की तो स्वतः शॉर्ट होऊन मागचं सर्किट वाचवतो, आणि तो शॉर्ट दिसला की बॉक्सची पॉवर सप्लाय घाबरून बंद पडते. 5 व्होल्टवाला शाबूत होता. हॉट एअरने 12 वाला उचलला, बीप गेला, आधी डिस्क भंगारातल्या एसएमपीएसवर (पीसीच्या पॉवर सप्लायवर) लावून बघितली (नवीन बॉक्सवर असले प्रयोग नकोत) आणि काय तो फिरण्याचा आवाज, कान तृप्त झाले. स्मार्टही (डिस्क स्वतः ठेवते ती तब्येतीची नोंद) स्वच्छ, एक रिअलोकेटेड (खराब म्हणून बदललेला) सेक्टर नाही.

बदली डायोड एसएमबीजे12ए पुण्याच्या तापकीर गल्लीत मिळाला, ऑनलाइनवाले एका डायोडवर त्याच्या कित्येक पट डिलिव्हरी लावतात, तिकडे जाऊच नका.

आता मायग्रेटचं बटण लगेच दाबणार नाहीये. चारही डिस्क पीसीला लावून लाइव्ह उबंटूवर एमडीअ‍ॅडमने (लिनक्सवरचं रेड हाताळायचं टूल) तपासल्या, इव्हेंट काउंट (बदलांच्या नोंदीचा आकडा) चारींचा सारखा, म्हणजे सगळ्या एकाच क्षणी गेल्या, कोणी मागे राहिलेली नाही. अ‍ॅरे (चारही डिस्कचा मिळून एक संच) रीड-ओन्ली असेंबल केला, फोल्डर दिसले, एक्स्टर्नलवर कॉपी चालू आहे.

आणि हे टाइप करताना वाटतंय की परत रेड 5 (एकच डिस्क गेली तर डेटा वाचतो अशी मांडणी) कशाला? 4 टीबीची एक डिस्क रिबिल्ड करायची तर 150 एमबीच्या स्पीडने साडेसात तास, त्यात दुसरी गेली की संपलं. त्यापेक्षा दोन मोठ्या डिस्कचा मिरर (दोन्हींवर तोच डेटा) करतो आणि तिसरीला डायोड लावून नुसती कोल्ड बॅकअपला (एरवी बंद) ठेवतो. म्हणजे मायग्रेट रद्दच, फ्रेश सेटअप.

स्पाइक गार्डच्या पट्टीवर मात्र माझा आता काडीचा विश्वास नाही. क्षणभराचा झटका ती झेलेल, सलग 400 आलं तर आतली एमओव्हीच (झटका शोषणारा भाग) जळते. डीबीमध्ये (घरच्या मेन वितरण बोर्डात) ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवतोय, 63 अँपिअरचा. कटऑफ 260 ठेवावा की 270 यावर अजून घोळ चालू आहे, कारण आमच्याकडे रात्री 250 तर एरवीही येतं. तुमच्याकडे कोणी लावलाय का?