कविता आणि श्रद्धांजली एकाच साच्यात

साताऱ्यातल्या एका जुन्या त्रैमासिकाच्या संकेतस्थळाची देखभाल मी करते. छापील अंक निघतोच, पण त्यातला मजकूर गेली काही वर्षं वर्डप्रेस या संकेतस्थळं चालवायच्या प्रणालीवरही चढतो. कविता, कथा, मुलाखती, पुस्तकपरीक्षणं, वाचकांची पत्रं, अधूनमधून कुणा लेखकावरचा मृत्युलेख. हे सगळं एकाच साच्यातून बाहेर पडायचं: वर रुंद चित्र, खाली ठळक शीर्षक, तारीख, मजकूर आणि शेवटी नारिंगी पट्टी, ‘तुम्हाला हेही आवडेल’. माझ्याकडे काम येण्याआधीच कुणीतरी विकतची तयार थीम, म्हणजे संकेतस्थळाचं रूप ठरवणारा साचा, बसवून दिली होती. प्रत्येक लेखनप्रकाराला त्याचं रूप हवं, असं मी संपादक सरांना सांगत होते. सरांना ते पटत होतं, पण ‘दिवाळी अंक हातावेगळा होऊ दे, मग बसू’ यावर ते थांबायचं.

मग एका सकाळी सरांचा फोन आला. पहिल्या अंकापासून त्रैमासिकात लिहिणारे एक कवी रात्री गेले होते. सरांनी पहाटे बसून त्यांच्यावर लेख लिहिला होता आणि जुन्या अंकांतल्या त्यांच्या काही कविता सोबत घेतल्या होत्या.

“अगं, चढवलंय मी सगळं. पण बघवत नाही. तू एकदा बघ.”

मी फोनवरच पान उघडलं. माणूस गेल्याची बातमी जाहिरातीच्या अक्षरात होती. फोटो साच्याच्या मापात बसवताना कपाळ कापलं गेलं होतं. लेख संपला की लगेच नारिंगी पट्टी आणि तिच्यात एका विनोदी लेखाचं व्यंगचित्र, खदाखदा हसणारं. मुखपृष्ठावर त्यांची कविता होती, पण ती कविता राहिली नव्हती. ओळी एकमेकींत मिसळून सरळ गद्य परिच्छेद झाला होता आणि तो मध्येच तीन टिंबांवर तुटला होता. ज्या माणसाने आयुष्यभर ओळ कुठे मोडायची याचा विचार केला, त्याच्या वाट्याला त्याच दिवशी हे यावं, याचं मला फार वाईट वाटलं. सर लेख उतरवायला निघाले होते. मी म्हटलं, “उतरवू नका सर, संध्याकाळपर्यंत मला वेळ द्या.” लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरीच गेले.

कविता गद्य का झाली, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण ते अनेक मराठी साहित्यिक संकेतस्थळांवर रोज घडतं. लेखाचा सारांश दाखवायचा असला की वर्डप्रेस मजकुरातले सगळे टॅग, म्हणजे मांडणीच्या खुणा, काढून टाकतं, त्यात ओळ मोडणारा टॅगही जातो. मग पहिले ५५ शब्द मोजून, मध्ये एकेक जागा सोडून, ते ओळीने मांडतं. बातमीला हे चालतं. कवितेला चालत नाही, कारण ओळीचा शेवट हा तिच्या अर्थाचाच भाग असतो. मी कवितांसाठी ५५ शब्दांचा हिशोबच बंद केला. यादीत कवितेचं पहिलं कडवं दिसेल, पूर्ण आणि ओळींसकट. लहान असो, मोठं असो.

पण त्यासाठी ही कविता आहे हे साच्याला कळायला हवं. वर्डप्रेसमध्ये याचे तीन रस्ते आहेत. २०१० साली ३.० आवृत्तीत स्वतःचे पोस्ट प्रकार, म्हणजे लेखनाचे वेगळे प्रकार, बनवायची खरी सोय झाली. पुढच्या वर्षी ३.१ मध्ये पोस्ट फॉरमॅट, म्हणजे लेखाची ठरीव रूपं, आली: अवतरण, दुवा, चित्र, गॅलरी, ध्वनी, चित्रफीत, संवाद वगैरे नऊ. टम्बलर या ब्लॉगसेवेने २००७ पासून लोकप्रिय केलेलीच ती कल्पना. पण ही यादी ठरलेली आहे, थीम बनवणाऱ्याला तिच्यात भर घालता येत नाही, आणि तिच्यात कविता नाही. मृत्युलेखही नाही. आपल्या नियतकालिकांची विभागणी त्या यादीत मावत नाही, म्हणून तो रस्ता मी बाजूला ठेवला. ‘कविता’ हा नवा पोस्ट प्रकार बनवणं दूरच्या दृष्टीने योग्य होतं, पण जुन्या सगळ्या कवितांचे पत्ते त्याच दिवशी बदलले असते आणि लोकांनी जपून ठेवलेले दुवे तुटले असते. उरला तिसरा रस्ता, वर्गवारीचा. प्रत्येक लेखाभोवतीच्या टॅगला वर्डप्रेस त्याच्या वर्गवारीचं नाव क्लास, म्हणजे ओळखखूण, म्हणून चिकटवतं. तेवढं धरून सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, वेगळे नियम लिहिता येतात.

इथे मराठीतून काम करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वर्गवारीचा स्लग, म्हणजे वेबपत्त्यात येणारं नाव, देवनागरीत असेल तर क्लासचं नाव बनवताना ती अक्षरं गाळली जातात आणि नावाऐवजी नुसता वर्गवारीचा आकडा येतो. आकड्यावर नियम लिहिले तर चालतात, पण सहा महिन्यांनी ते वाचणाऱ्याला काही कळत नाही. मी स्लग रोमन लिपीत केले. वाचकाला दिसणारं नाव मराठीच राहिलं.

दुपारी सरांकडे कंपोझिटर काका आले. त्रैमासिक खिळ्यांवर, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांवर, छापलं जायचं तेव्हापासून ते खिळे जुळवणारे. कवींचे मित्र. भेटायला म्हणून आले आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. फोनच्या अरुंद पडद्यावर कवितेची लांब ओळ मोडून तिचा उरलेला तुकडा खाली डावीकडे येत होता. कवीची ओळ कुठे संपली आणि पडदा कुठे संपला, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. मी अक्षर बारीक करून पाहत होते.

“अक्षर नको बारीक करू,” काका म्हणाले. “आमच्याकडे खिळे जुळवायच्या स्टिकमध्ये ओळ मावली नाही की उरलेला तुकडा आत घ्यायचो. डोळ्याला कळतं मग, ही नवी ओळ नव्हे.”

मला हवं होतं ते हेच. प्रत्येक ओळ वेगळ्या टॅगमध्ये गुंडाळली, तिला डावीकडे दीड अक्षराएवढी जागा दिली आणि तिची सुरुवात तेवढीच उलट्या दिशेने बाहेर ओढली. आता ओळ मोडली तर तुकडा आपोआप आत सरकतो, न मोडली तर काहीच दिसत नाही. काकांनी फोन आडवा-उभा करून दोन्हीकडून पाहिलं आणि मान डोलावली. खिळे जुळवणाऱ्यांची ही समज आम्हा पडद्यावर काम करणाऱ्यांपर्यंत पोहोचलीच नाही, याची खंत मला त्या दुपारी पहिल्यांदा इतकी जाणवली.

बाकीच्या दुरुस्त्या अक्षरांच्या होत्या. थीम रोमन लिपीसाठी घडवलेली. शीर्षकात अक्षरांमध्ये जागा सोडलेली, त्यामुळे शिरोरेषा तुटलेली. अवतरणं तिरपी, पण बहुतेक देवनागरी टंकांना तिरपी आवृत्ती नसते, मग ब्राउझर सरळ अक्षरालाच ढकलून वाकवतो. ओळींमधलं अंतर इतकं कमी की वरचे उकार खालच्या वेलांट्यांना लागत होते. मी जागा काढली, तिरपेपणा बंद केला आणि ओळींचं अंतर अक्षराच्या १.८ पट केलं. संकेतस्थळाची भाषा इंग्रजी ठेवलेली होती, ती मराठी केली. गूगलच्या नोटोसारख्या काही टंकांत ‘ल’ आणि ‘श’ची हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणं असतात. पानाची भाषा मराठी आहे असं सांगितलं तरच मराठी वळणं येतात. ती वळणं, म्हणजे पाकळीचा ल आणि देठाचा श, राज्य सरकारच्या २००९ च्या निर्णयातही नेमून दिलेले आहेत, आणि मराठी कविता मराठी वळणाच्या अक्षरात असावी हा माझा आग्रह आहे.

मृत्युलेखाला सगळ्यात कमी काम लागलं. त्याला द्यायचं थोडं होतं, त्याच्यावरून काढायचं फार होतं. नारिंगी पट्टी गेली. शेअरची बटणं शीर्षकाखालून काढून तळाशी, रंग न देता. फोटो कापायचा नाही, आहे त्या मापात. प्रकाशनाच्या तारखेच्या जागी नावाखाली जन्म आणि मृत्यूची सालं. त्यासाठी दोन वेगळे रकाने केले, बाकी कुठल्याच प्रकाराला ते लागत नाहीत. सरांना भोवती काळी चौकट हवी होती. काका म्हणाले, “चौकट वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेला. लेखाला वर एक रेघ पुरे.” मलाही तेच बरोबर वाटलं, शिवाय फोनवर चौकट दोन्ही बाजूंची जागा खाते आणि ओळीत चारदोनच शब्द उरतात. सरांनी थोडा वेळ घेतला आणि रेघेवर राजी झाले. नावावर एकच जाड काळी रेघ राहिली.

मुलाखतींचे प्रश्न ठळक केले, पत्रांवरचं चित्र काढलं, परीक्षणांना पुस्तकाच्या माहितीसाठी डोक्यावर जागा दिली. हे सगळं घाईत झालं आणि नंतर पुन्हा करावं लागणार हे तेव्हाच दिसत होतं.

संध्याकाळी सरांनी दुवा पाठवायला सुरुवात केली. रात्री सरांना कवींच्या मुलीचा फोन आला. लेखाबद्दल बोलली, मग म्हणाली, “काका, त्या पावसाच्या कवितेत बाबांनी शेवटची ओळ आत सरकवून लिहिली होती. इथे ती सरळ आलीय.” सरांनी कपाटातून तो अंक काढला. ओळ खरंच आत होती, अर्ध्या रुंदीपर्यंत. टाइप करून घेताना ती जागा हरवली होती, कारण एकापुढे एक दिलेल्या मोकळ्या जागा ब्राउझर एकच धरतो. मी त्या ओळीला वेगळा क्लास देऊन आत सरकवलं. मुलगी फोनवरच होती. पान पुन्हा उघडून तिने ओळ पाहिली आणि “हो, अशीच,” म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून कंपोझिटर काका सरांकडे येऊन बसतात. एकेक जुना अंक घेऊन छापील कविता आणि पडद्यावरची कविता शेजारी ठेवतात, आणि जिथे कवीने ओळ सरकवली किंवा दोन कडव्यांत जास्त जागा सोडली तिथे पेन्सिलने खूण करून यादी माझ्याकडे पाठवतात. आम्ही अजून ऐंशीच्या दशकातल्या अंकांवरच आहोत.