गुडघ्यातला धातू

"मॅडम, इथे काहीतरी कडक लागतंय."

मेडिकल कॉलेजात डिसेक्शन (शवविच्छेदन) टेबलवर स्काल्पेल थांबवून एका विद्यार्थिनीने आज हाक मारली. गुडघ्यावर उभा, जुना व्रण आणि त्याखाली चकचकीत धातूचा सांधा. टिकवण्यासाठीच्या फॉर्मॅलिनने सगळा देह करडा पडलेला, हा मात्र नवाकोरा. शेजारचा मुलगा हळूच म्हणाला, "म्हणजे यांना अजून भरपूर चालायचं होतं."

मला पुढे स्नायूंची नावं सांगायची होती. सांगितलीही. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

आमच्यापर्यंत देहाचा फक्त नंबर येतो, आणि ते योग्यच आहे. पण हे देहदान होतं. म्हणजे या माणसाने जिवंतपणी, शुद्धीत, फॉर्मवर सही केली होती.

ही सही शरीरशास्त्रात फार उशिरा आली. १८२८ मध्ये एडिंबरात बर्क आणि हेअर यांनी प्रेतं विकण्यासाठी १६ खून पाडले. गिऱ्हाईक होता एक नावाजलेला शरीरशास्त्रज्ञ! १८३२ च्या ब्रिटिश कायद्याने प्रेतचोरीला आळा बसला खरा, पण त्याऐवजी इस्पितळांतले, गरीबगृहांतले बेवारस देह टेबलावर आले. त्यांना कुणी विचारलं होतं? आजही कितीतरी ठिकाणी बेवारस देहांवरच शिकवणं चालतं, आणि मला ते खटकतं.

तुमच्यापैकी कुणी फॉर्म भरलाय? भरला असेल तर घरच्यांना सांगितलंय का? कारण ऐनवेळी कॉलेजला फोन त्यांनाच करावा लागतो.