टाकीतला तिसरा मासा

आज सकाळी तिसरा मासा तळाशी आडवा पडलेला दिसला. अंगावर एकही डाग नव्हता, कल्ले मात्र लालभडक झाले होते. पाणी इतके नितळ होते की दोष त्यातच असेल, असे मनातही आले नव्हते. अखेर चाचणी केली, तर नळीतले पिवळे द्रावण हिरवे झाले आणि शून्य असायला हवा तो अमोनिया, म्हणजे माशांच्या मलमूत्रातून पाण्यात येणारे विष, लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आसपास निघाला. गेल्या आठवड्यात फिल्टरचा स्पंज मी नळाखाली धुतला होता, आणि त्या पाण्यातल्या क्लोरीनने स्पंजात राहणारे, अमोनियाचे आधी नायट्राइट व मग कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणूच मारले असणार. फार वाईट वाटले. निम्मे पाणी काढून क्लोरीन घालवलेले पाणी भरले, खाद्य थांबवले. उरलेले चार मासे अजून पृष्ठभागाशी तोंड उघडत आहेत.